कल्लाप्पाचा डावा पाय

१

वडगावच्या कल्लाप्पा विणकराला घरातच कुणीतरी विष घालतंय, ही बातमी बेळगावच्या खडेबाजारापर्यंत पोचायला दोन दिवससुद्धा लागले नाहीत. सत्तेचाळीस सालचा माघ महिना होता. दुपारचं जेवण उरकून म्हातारा मागाच्या खड्ड्यात उतरला, चार बोटं कापड विणून झालं असेल नसेल, तोच हातातला धोटा सुटला आणि तो ताणलेल्या सुतावर पालथा कोसळला. अंग गार पडलं, कपाळावर घाम डवरला, नाडी हाताला लागेना. पौषापासूनची ही तिसरी खेप होती.

टांग्यात घालून त्याला बेळगावात डॉक्टर हेरेकरांच्या दवाखान्यात आणलं तेव्हा दिवस कलला होता. बरोबर मुलगा परशराम होता आणि कल्लाप्पाची थोरली बहीण बायाक्का होती. बायाक्का निपाणीला दिलेली. तिथल्या तंबाखूच्या वखारीत पान निवडण्यात तिची तीस वर्षं गेली. नवरा गेला, पोटी मूल झालंच नाही, आणि गेल्या दिवाळीला ती कायमची भावाकडे राहायला आली. आई वारली तेव्हा कल्लाप्पा पाच वर्षांचा होता. त्याला कडेवर घेऊन वाढवलं ते हिनंच. त्यामुळं व्हरांड्यात बसून ती जे बोलली ते ऐकणाऱ्यांनी खरंच धरलं.

"माझ्या भावाला सून मारायला लागलीया," ती म्हणाली. "जेवला की पडतोय. जेवायच्या आधी कवा पडलाय का, इचारा ह्या परशालाच."

परशराम खाली मान घालून उभा होता.

हे सगळं आतल्या खोलीत मारुतीरावांच्या कानावर पडत होतं. मारुतीराव म्हणजे या दवाखान्यात काळजाची रेघ काढणारे गृहस्थ. युद्धाच्या काळात सांबऱ्याच्या तळावरच्या लष्करी इस्पितळात त्यांनी हे यंत्र चार वर्षं चालवलं होतं. युद्ध संपल्यावर डॉक्टरांनी निकाली मालातून ते यंत्र विकत घेतलं, आणि त्याच्या पाठोपाठ मारुतीरावही आले. दोन्ही मनगटांना आणि डाव्या पायाला मिठाच्या पाण्यात भिजवलेली फडकी गुंडाळायची, त्यांवर धातूचे पत्रे बांधायचे, तारा जोडायच्या. काळजाचा ठोका पडला की यंत्राच्या काचेवर उजेडाचा ठिपका उडी घेई आणि आतल्या कागदी पट्टीवर त्याची रेघ उमटे. दुपारनंतर वीज खालीवर होई, म्हणून रेघ सकाळीच काढायची. रोग्याचे हातपाय आदल्या संध्याकाळी घासून तयार ठेवायचे, हा लष्करातला शिरस्ता मारुतीरावांनी कधी मोडला नव्हता.

कल्लाप्पाच्या डाव्या पायाला गुडघ्यापासून घोट्यापर्यंत कसलासा पाला बांधून वर फडकं गुंडाळलेलं होतं. मारुतीरावांनी ते सोडून कचऱ्याच्या डब्यात टाकलं आणि पाय साबणानं खसखसून धुतला. मागच्या दोन खेपांनाही त्यांनी हेच केलं होतं. म्हातारी माणसं पायाला काय काय बांधतात, त्याची चौकशी करत बसलं तर दिवस पुरायचा नाही.

२

सकाळची रेघ स्वच्छ आली. ठोके सारख्या अंतरावर, एकही चुकलेला नाही. डॉक्टरांनी मागच्या दोन्ही पट्ट्या काढून शेजारी ठेवल्या. तिन्ही सख्ख्या बहिणी शोभल्या असत्या.

डॉक्टर हेरेकर सरळ विचार करणारे होते. त्यांचं म्हणणं असं, की काही माणसांचं काळीज मध्येच थबकतं, मेंदूला रक्त पोचत नाही आणि माणूस कोसळतो. तसं काही असतं तर तीन पट्ट्यांपैकी एकीत तरी खूण दिसली असती. हा माणूस दवाखान्यात मागं दोनदा चार-चार दिवस राहिला, एकदाही साधी भोवळ आली नाही. घरी गेला की आठवड्याभरात पडतो. मग घरात असं काय आहे, जे इथं नाही?

"सुनेच्या हातचं जेवण," डॉक्टर म्हणाले, आणि चष्मा काढून पुसू लागले. त्यांनाही ते बोलणं गोड लागलं नव्हतं.

परशरामानं सांगितलं, की येत्या सोमवारी भावकी बसणार आहे. आपल्या बायकोला, शालूला, तिच्या माहेरी, पिरनवाडीला, कायमचं घालवायचं ठरल्यातच जमा आहे. दोन वर्षांची पोर इथंच ठेवून घ्यायची. त्यानंतर पोलिसांत वर्दी. हे सांगताना त्याचा आवाज इतका सपाट होता, की मारुतीरावांनी मान वर करून त्याच्याकडं पाहिलं. रडून रडून संपलेला माणूस असा बोलतो.

मारुतीरावांना त्या दिवशी जेवण गेलं नाही. शालूविरुद्ध सगळ्यांत मोठा साक्षीदार कोण, तर त्यांनी स्वतः काढलेली स्वच्छ रेघ. रेघ खोटं बोलत नाही, हे ते छातीवर हात ठेवून सांगत आले होते. पण रेघेला जेवढं विचारावं तेवढंच ती सांगते, हेही त्यांना ठाऊक होतं. वार गुरुवार होता. त्यांनी डॉक्टरांकडं रविवारपर्यंत मुदत मागितली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी टांगा करून वडगाव गाठलं.

३

कल्लाप्पाच्या घरात माग बंद होता, त्यामुळं गल्लीतल्या इतर मागांची खटखट जास्तच ऐकू येत होती. परसात तीन दगडांची वेगळी चूल दिसली. परशराम म्हणाला, ती आत्तीची. ती शालूच्या हातचं पाणीसुद्धा पीत नाही. आतल्या खोलीत आढ्याखाली तंबाखूच्या सुकलेल्या पानांची माळ टांगलेली होती. निपाणीची बाई, मिश्रीला पान लागणारच, असं मनाशी म्हणून मारुतीराव पुढं गेले.

शालू बावीस-तेवीस वर्षांची असेल. तोंड उतरलेलं, डोळ्यांखाली काळं. पोर पदराला धरून उभी होती. महिनाभर रोजचा नेम काय झाला होता, ते तिनं सांगितलं. मामंजींचं ताट वाढलं, की आत्याबाई सगळ्यांदेखत प्रत्येक जिन्नस आधी शालूला चाखायला लावत. पाण्याचा तांब्यासुद्धा तिनं आधी तोंडाला लावायचा, मग म्हाताऱ्याला द्यायचा.

"मी चाखते, आनि मला बी उलटी हुती," ती म्हणाली. "आदी म्हनाले, दिवस गेल्यात. तसं न्हाय कळल्यावर म्हनाय लागले, बगा, इखच हाय, थोडं थोडं खाऊन हिनं पचवलंया. आता मी कुनाला काय सांगू?"

मारुतीरावांनी विचारलं, उलटी कधी होते. चाखल्यावर लगेच?

शालूला आठवावं लागलं नाही. दुपारी काहीच होत नसे. संध्याकाळी धुणं आटोपून आली, की डोकं गरगरायचं, तोंडाला पाणी सुटायचं. मारुतीरावांनी ते वहीत टिपून घेतलं. चाखायचं दुपारी आणि उलटी संध्याकाळी. हा हिशेब जुळत नव्हता, पण का जुळत नाही तेही कळत नव्हतं.

शेजारी रवळूचा माग. रवळू रोज दुपारी कल्लाप्पाला ताकाचा लोटा आणून देई. यात्रेला देवीला नेसवायचं लुगडं पूर्वी रवळूच्या घरी विणलं जायचं. पाच वर्षांमागं तो मान कल्लाप्पाकडं गेला. देवीचं लुगडं विणणाऱ्यानं दारू, तंबाखू, मटण यांना जन्मभर शिवायचं नाही असा नेम आहे, आणि रवळूला तंबाखू सुटत नव्हती. मान गेल्याचं दुःख त्यानं लपवलं नाही.

"व्हय, जीव जळला माजा," तो म्हणाला. "पर ताक त्यो एकटा पीत न्हाय. एकाच लोट्यातनं दोगं पितो."

परत निघताना परशराम टांग्यापर्यंत पोचवायला आला आणि तिथंच घुटमळला. टांगेवाला घोड्याला चारा घालत होता. तो लांब आहे असं पाहून परशराम हळूच बोलला.

"एक सांगायचं हुतं. दवाखान्यात आबांस्नी पेज जाईना. म्हनून मी डबा आनत हुतो. तिन्ही खेपंला. शालूनंच केलेला, कुनी न चाखलेला. आत्तीला कळलं तर ती जीव दील, म्हनून बोललो न्हाय."

मारुतीराव टांग्याच्या पायरीवर पाय ठेवून तसेच थांबले. दवाखान्यात कल्लाप्पा सुनेच्याच हातचं जेवत होता, आणि ठणठणीत होता.

४

शनिवारी सकाळी मारुतीराव स्टूल ओढून कल्लाप्पाच्या खाटेशी बसले. विष जेवणात नाही, ताकात नाही. मग कुठं आहे? त्यांनी म्हाताऱ्याला इतकंच विचारलं, की घरी असताना हटकून बरं वाटतं असा एखादा दिवस असतो का.

कल्लाप्पा हसला. दात गेलेले असले तरी हसू गोड होतं. "अमावस्या," तो म्हणाला. "त्या दिशी माग बंद. सून पुरनपोळी करती, मी चार हानतो, रवळू ताक घिऊन येतोच. आनि मग सांजपतूर गाढ झोपतो. भोवळ न्हाय, काय न्हाय."

तेच घर, तीच सून, तेच ताक, उलट जेवण दुप्पट. नाही तो फक्त माग. मारुतीरावांच्या मनात आधी सुताचा रंग आला. पण शालू मागाला हात लावत नव्हती, आणि गरगरत तिलाही होतं. मागावरच्या माणसाची कोणती वस्तू संध्याकाळी धुणाऱ्या बाईच्या हाती जाते? त्यांची नजर खाटेवरच्या त्या स्वच्छ धुतलेल्या डाव्या पायावर गेली आणि तिथंच खिळली.

"कल्लाप्पा, पायाला काय बांधता तुम्ही?"

म्हातारा ओशाळला. इकडंतिकडं बघत त्यानं सांगितलं, की मागाच्या पावड्या पायानं दाबून दाबून डावा पाय धरतो. म्हणून माग चालू असेल त्या दिवशी, जेवायला बसायच्या आधी, हातपाय धुतल्यावर आक्का पान बांधते. निपाणीचं जर्द पान, एरंडेलात भिजवून शेकलेलं. मार्गशीर्षात नुसतं पान होतं, त्यानं गुण येईना, म्हणून पौषापासून ती त्यावर चुना फासते. कातडी सोलली, पण ठणका थांबतो. संध्याकाळी ती पान काढून टाकते आणि फडकी शालू धुते.

"डॉक्टरांस्नी बोललो न्हाय. देवीचं लुगडं इनतो, आनि तंबाखू म्हनलं की लोक काय म्हनतील? पर त्वांडात घातली तर नेम मोडतो. पायाला बांधली तर मोडत न्हाय, आसं आक्का म्हनली."

मारुतीराव उठून डॉक्टरांच्या खोलीत गेले. जे सांगायचं होतं त्यात स्वतःची चूकही होती, आणि त्यांनी आधी तीच सांगितली. विष तिन्ही खेपांना या दवाखान्यात आलं होतं. यंत्राचा पत्रा डाव्या पायाला बांधायचा, म्हणून त्यांनीच ते आदल्या संध्याकाळी सोडलं, साबणानं धुऊन काढलं आणि सकाळी स्वच्छ रेघ काढून दिली. म्हाताऱ्याचा उजवा पाय दुखत असता तर पहिल्याच खेपेला उलगडा झाला असता.

डॉक्टरांनी तिन्ही पट्ट्या पुन्हा समोर ओढल्या. तंबाखूचा अर्क कातडीतून रक्तात भिनू शकतो, चुन्यानं आणि सोललेल्या कातडीनं त्याची वाट मोकळी होते, मागावर घाम आला की आणखी, हे त्यांना पटत होतं. एकच गोष्ट पटत नव्हती.

"ती बाई तीस वर्षं दोन्ही हातांनी हीच पानं हाताळत आली. तिला काही झालं नाही."

"म्हणूनच तिला कळलं नाही, साहेब," मारुतीराव म्हणाले. "तिचे हात मुरलेले. हा माणूस जन्मात तंबाखूला शिवलेला नाही."

५

पण तोंडी सांगितलेलं भावकीला पटणार नव्हतं. कल्लाप्पानंच तोड काढली. सुनेच्या डोक्यावरचं खापर उतरत असेल तर पान इथंच बांधा आणि काय व्हायचं ते तुमच्या यंत्रात बघा, असं त्यानं डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टर आधी तयार होईनात. शेवटी ठोके वाढवणारं औषध सुईत भरून, रविवारी सकाळी ते स्वतः खाटेशी बसले.

बायाक्काला मारुतीरावांनी काही न लपवता सांगितलं. लपवून तिच्या हातून ते करून घेणं त्यांना जमलं नसतं. ती ताठ झाली.

"ह्या हातानं त्याला न्हाऊ घातलंया मी," ती म्हणाली. "आना पान. मी बांधते. मग समद्यांनी बगा."

तिनं पान शेकलं, चुना लावला, फडकं घट्ट गुंडाळलं. कल्लाप्पाला तासभर व्हरांड्यात चालवलं आणि घाम फुटल्यावर खाटेवर निजवलं. या वेळी मारुतीरावांनी खालचा पत्रा उजव्या पायाला बांधला. रेघ तीच येते. डावा पाय हा नुसता शिरस्ता. बायाक्काला त्यांनी यंत्राच्या काचेसमोर बसवलं. लिहितावाचता न येणाऱ्या माणसालाही कळेल असं ते होतं. भावाच्या काळजाचा एक ठोका, की ठिपक्याची एक उडी.

ठिपका टुणटुण उड्या घेत होता. बायाक्काच्या चेहऱ्यावर जरा हसूसुद्धा आलं. मग उड्या लांबल्या. कल्लाप्पाच्या ओठांचा रंग उतरला, त्यानं तोंडाला पाणी सुटल्याचं सांगितलं. ठिपका उडाला, रेंगाळला, पुन्हा उडाला.

आणि थांबला.

मारुतीराव मनात आकडे मोजत होते. एक. दोन. तीन. चार. कल्लाप्पाचे डोळे फिरले. डॉक्टरांनी सुई टोचली. आणि त्याच क्षणी बायाक्का झेपावली, भावाच्या पायावरचं फडकं तिनं नखांनी ओरबाडून काढलं, पान भिरकावलं, आणि स्वतःच्या पदरानं तो पाय पुसत सुटली. ठिपका हलला. एकदा, मग पुन्हा, मग हळूहळू वाटेवर आला. ती मात्र पुसतच होती. मारुतीरावांनी तिचे हात धरून थांबवलं तेव्हा कुठं ती जमिनीवर बसली.

आयुष्यात इतकी बोलकी रेघ मारुतीरावांनी काढली नव्हती, आणि तिचा इतका पस्तावाही त्यांना कधी झाला नव्हता.

६

सोमवारी भावकी जमली. मारुतीराव वाळवलेली पट्टी घेऊन गेले होते. ठोके कुठं लांबले आणि काळीज कुठं थबकलं ते बोट ठेवून दाखवायची त्यांची तयारी होती. पण पट्टी उलगडायची वेळच आली नाही. बायाक्का आपणहून मधोमध येऊन उभी राहिली.

"इख मी घालत हुते," ती म्हणाली. "पोरीचा काय दोष न्हाय. मला काय करायचं ते करा."

कल्लाप्पा भिंतीला टेकून बसला होता. तो म्हणाला, आक्कानं मला दोनदा जगवलं, लहानपणी एकदा आणि काल एकदा, आता हा विषय पुरे. रवळूनं डोळे पुसले. माणसं एकेक करून उठली. शालूकडं मात्र कुणी गेलं नाही. महिनाभर जिला विषारी म्हटलं, तिच्याशी काय बोलावं हे कुणालाच माहीत नव्हतं.

बायाक्का परसात गेली. आपल्या चुलीचे तीन दगड तिनं पायानं ढकलून पाडले आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन बसली. आढ्याखालची पानांची माळ केव्हाच गेली होती.

"पोरी," ती म्हणाली, "पानी दे गं."

शालू हलली नाही. तिच्या मनात काय काय उसळलं असेल ते तिचं तिलाच ठाऊक. मग ती उठली, घागरीतून तांब्या भरून घेतला, आणि म्हातारीसमोर येऊन उभी राहिली. महिन्याभराची सवय. तिचा हात आपोआप वळला आणि तांब्या तिच्या स्वतःच्या ओठाशी गेला.

बायाक्कानं तिचं मनगट धरलं.

"चाखू नगं," ती म्हणाली. तिनं तांब्या दोन्ही हातांत घेतला आणि डोळे मिटून सगळा पिऊन टाकला.